मारेकऱ्यांसोबत काम: ॲमी बील प्रकरणाचा अभ्यास

२५ ऑगस्ट १९९३ रोजी केपटाऊनच्या गुगुलेथू वस्तीत ॲमी बील ही २६ वर्षांची अमेरिकन तरुणी जमावाच्या हातून मारली गेली. पुढे या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांपैकी दोघे तिच्याच नावाने चालणाऱ्या संस्थेत कामाला लागले आणि तिची आई त्यांच्या शेजारी बसून लोकांशी बोलू लागली.

एवढं सांगितलं की ऐकणारे बहुधा दोन गटांत विभागले जातात. काहींचे हात जोडले जातात, असली माणसं देवमाणसंच म्हणायची. काहींच्या कपाळावर आठ्या पडतात, पोटच्या पोरीला मारणाऱ्यांना कुणी जवळ करतं का? गंमत अशी की दोन्ही गट पुढचं ऐकत नाहीत. आईवडिलांना देव ठरवलं काय किंवा वेडं ठरवलं काय, त्यांनी नेमकं काय केलं हे बघायची गरजच उरत नाही. माझ्या मते या प्रकरणातलं खरं शिकण्यासारखं त्या 'नेमकं काय केलं' मध्येच आहे. कोणतं पाऊल आधी पडलं, कोणतं नंतर, मध्ये किती वर्षं गेली, कोण सोबत आलं आणि कोण आलं नाही, हे क्रमाने पाहू.

ॲमी तिथे का होती

ॲमी स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवीधर. फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ती दक्षिण आफ्रिकेत आली आणि वेस्टर्न केप विद्यापीठाच्या कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये काम करू लागली. वर्णभेदी राजवट जाऊन लोकशाही येताना स्त्रियांच्या वाट्याला काय येणार, हा तिचा अभ्यासविषय. त्याला जोडून मतदार-शिक्षणाचं काम. देशातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांना राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदाच मत देता येणार होतं. ती निवडणूक एप्रिल १९९४ मध्ये झाली, ॲमी गेल्यानंतर आठ महिन्यांनी.

या केंद्राचे प्रमुख होते दुल्ला ओमर. पुढे मंडेलांच्या सरकारात ते न्यायमंत्री झाले, आणि ज्या कायद्याखाली ॲमीच्या खुनातले दोषी तुरुंगातून सुटले तो कायदा त्यांनीच संसदेत आणला. ॲमीच्या आईवडिलांच्या दृष्टीने म्हणूनच तो कुण्या परक्या सरकारचा फतवा नव्हता. त्यांच्या मुलीने ज्या माणसांसोबत काम केलं, त्यांच्याच विचारातून तो आला होता. हा तपशील सहसा सांगितला जात नाही; त्यांचा निर्णय समजायला मात्र तो फार उपयोगी पडतो.

१९९३ हे वर्ष कसं होतं हेही पाहायला हवं. मंडेला १९९० मध्येच सुटले होते, वाटाघाटी चालू होत्या, तरी रक्त सांडणं थांबलं नव्हतं. एप्रिलमध्ये कृष्णवर्णीय तरुणांचे लाडके नेते क्रिस हानी यांची एका गोऱ्या अतिरेक्याने त्यांच्या घरासमोरच हत्या केली. जुलैच्या २५ तारखेला केपटाऊनमधल्या सेंट जेम्स चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या कृष्णवर्णीयांच्या पक्षाच्या सशस्त्र शाखेने हल्ला केला, ११ माणसं गेली. या पक्षाच्या तरुणांमध्ये एक घोषणा सर्रास दिली जायची, तिचा अर्थ असा की एका उपऱ्यासाठी एक गोळी.

तो दिवस

मायदेशी परतायला दोन दिवस उरले होते. ॲमी आपल्या तीन सहकाऱ्यांना गाडीने घरी सोडायला निघाली. त्याच दिवशी शेजारच्या लांगा वस्तीत पक्षाच्या विद्यार्थी संघटनेची सभा झाली होती. भाषणं ऐकून तापलेली मुलं तिथून परतत होती आणि गुगुलेथूच्या रस्त्यावर त्यांना गोऱ्या बाईची गाडी दिसली.

दगड आले. काच फुटली. डोक्याला मार लागलेली ॲमी गाडीतून उतरून समोरच्या पेट्रोल पंपाच्या दिशेने धावली आणि पडली. मग दगड आणि सुरा. तिचे सहकारी ओरडून सांगत होते की ही आपली आहे, आपल्यासोबत काम करते. कुणी ऐकलं नाही. पोलीस ठाण्यात नेल्यावर तिने प्राण सोडला.

खटला

मोंगेझी मानकिना, न्तोबेको पेनी, वुसुमझी न्तामो आणि ईझी नोफेमेला, असे चौघे दोषी ठरले. प्रत्येकी १८ वर्षांची शिक्षा. वयाने सगळे विशीच्या आसपास. खटला सरळ चालला नाही; साक्षीदार पुढे यायला घाबरत होते, काही संशयितांवरचे आरोप मागे घ्यावे लागले. ॲमीच्या शेवटच्या क्षणांचं वर्णन चाललं असताना प्रेक्षकांतल्या काही तरुण समर्थकांना हसू फुटलं, ही बातमी जगभर गेली.

त्या हसण्यापाशी थोडं थांबलं पाहिजे. एखाद्या माणसाबद्दलची समजूत कायमची बंद व्हायला असा एक क्षण पुरतो. 'आता काय समजून घ्यायचं राहिलं?' असं कुणीही म्हणेल, आणि ते चूक म्हणता येणार नाही. बील दांपत्य मात्र तिथे थांबलं नाही.

आधी समजून घेणं

बील कुटुंबाने क्षमेचा विचार केला तो फार नंतर. त्याआधी त्यांनी तो देश समजून घ्यायला सुरुवात केली. पीटर आणि लिंडा बील खून झाला त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत आले आणि गुगुलेथूत गेले. मुलगी कुठे पडली तेवढं पाहून ते परतले नाहीत. ती कुणाबरोबर काम करायची, काय लिहायची, कशासाठी झटायची, हे त्यांनी तिच्या सहकाऱ्यांकडून ऐकलं. पुढची वर्षं ते येत-जात राहिले. अमेरिकेत १९९४ मध्ये त्यांनी तिच्या नावाने संस्था सुरू केली आणि १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतही तिचं काम उभं केलं.

ॲमी घरी एक गोष्ट सांगायची, ती लिंडा बील यांनी नंतर अनेकदा सांगितली. गोरा माणूस मेला तर वर्तमानपत्रात त्याचं नाव, त्याचं कुटुंब येतं. कृष्णवर्णीय मेले तर फक्त आकडा येतो. आता ॲमीचं स्वतःचं नाव जगभर छापून येत होतं. त्याच सुमारास, त्याच वस्त्यांमध्ये मेलेल्या कितीतरी जणांची नावं कुणालाच माहीत नव्हती. आपलं दुःख या विषमतेच्या वरच्या बाजूला उभं आहे, हे आईवडिलांना ॲमीच्याच शब्दांतून कळलं होतं. पोरीच्या मृत्यूनंतर ही जाणीव मनात ठेवणं किती अवघड असेल!

इथे समजून घेणं याचा अर्थ नीट धरायला हवा. त्या तरुणांनी केलं ते क्षम्य होतं, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. वर्णभेदात वाढलेला प्रत्येक मुलगा खून करत नाही, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी शोधलं ते एवढंच: विशीतला मुलगा अनोळखी बाईला दगड मारण्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो? वाट कळली म्हणून मुक्कामाचं समर्थन होत नाही. पण वाट कळली नाही तर समोर फक्त राक्षस दिसतात, आणि राक्षसांशी बोलणी होत नाहीत. जमावाने ॲमीकडे पाहिलं तेव्हा त्याला फक्त कातडीचा रंग दिसला होता. तिच्या आईवडिलांना त्या मुलांकडे पाहताना फक्त 'जमाव' दिसला असता तरी कुणी दोष दिला नसता.

कायद्याने काय मागितलं

वर्णभेदाच्या काळातल्या गुन्ह्यांचं सत्य पुढे आणण्यासाठी १९९५ च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग स्थापन झाला. अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टूटू. त्यातल्या माफी समितीचे नियम स्पष्ट होते. गुन्हा १ मार्च १९६० ते १० मे १९९४ या काळातला हवा. त्यामागे राजकीय उद्देश हवा. आणि अर्जदाराने सगळं खरं सांगितलं पाहिजे, काहीही हातचं न राखता. माफी मिळाली की फौजदारी आणि दिवाणी, दोन्ही कारवाया संपत.

पश्चात्तापाची अट मात्र नव्हती. 'मला वाईट वाटतं' म्हणणं बंधनकारक नव्हतं.

पहिल्यांदा वाचताना हे खटकतं. इतका मोठा गुन्हा माफ करायचा आणि साधा पश्चात्तापही मागायचा नाही? पण जरा विचार केला की त्यामागचं शहाणपण दिसतं. पश्चात्ताप मोजता येत नाही. तो माफीची किंमत म्हणून मागितला तर प्रत्येक अर्जदार डोळ्यांत पाणी आणून उभा राहील, आणि खरं कुठलं, खोटं कुठलं हे कुणालाच कळणार नाही. सत्य तपासता येतं. कुठे होतास, हातात काय होतं, कुणी सांगितलं, किती वेळा मारलंस, हे इतर साक्षींशी ताडून पाहता येतं. घरातल्या किंवा कामाच्या ठिकाणच्या भांडणात आपण नेमकं उलटं करतो. आधी 'चुकलं म्हण' असा हट्ट धरतो. समोरचा ओठावरचं 'चुकलं' म्हणतो, काय झालं ते कधी मांडलंच जात नाही, आणि सहा महिन्यांनी तेच भांडण नव्या कारणाने उभं राहतं.

आयोगाकडे माफीचे ७,११२ अर्ज आले, त्यातले ८४९ मंजूर झाले. ही सरसकट खैरात होती, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

जुलै १९९७

ॲमीच्या खुनातल्या चौघांनीही माफीसाठी अर्ज केले. त्यांची सुनावणी ८ जुलै १९९७ ला केपटाऊनमध्ये सुरू झाली. सुऱ्याने भोसकल्याचं मानकिनाने सांगितलं. इतरांनी दगडफेकीतला आपला भाग सांगितला. पुरावे मांडणाऱ्या वकिलाने त्यांना सोपं जाऊ दिलं नाही. रक्ताचा वास लागलेल्या शार्क माशांसारखे तुम्ही तुटून पडलात, असं तो त्यांना म्हणाला. पेनीने ॲमीच्या आईवडिलांची क्षमा मागितली. त्यांनी क्षमा केली एवढं नुसतं ऐकायला मिळालं तरी माझं नवं आयुष्य सुरू होईल, अशा अर्थाचं तो बोलला.

मग आईवडिलांची पाळी आली. पीटर बील यांनी ॲमीच्या एका पत्रातला मजकूर वाचला. केपटाऊनच्या एका वर्तमानपत्राला लिहिलेल्या त्या पत्रात तिने म्हटलं होतं की वंशवाद काळ्या-गोऱ्या दोघांनाही वेदना देणारा ठरला, समेटही कदाचित तितकाच वेदनादायक असेल, आणि त्याकडे नेणारं सर्वांत महत्त्वाचं साधन म्हणजे मोकळा, प्रामाणिक संवाद. यानंतर त्यांनी सांगितलं की आम्ही माफीला विरोध करत नाही. आपल्या माणसांना क्षमा करायची की नाही हे दक्षिण आफ्रिकेच्या समाजाने ठरवायचं आहे.

बारकाईने ऐकलं तर जाणवतं की या निवेदनात त्यांनी स्वतःच्या अधिकाराची मर्यादा आखून घेतली. माफी देणं राज्याचं काम, आम्ही आडवे येणार नाही. आमच्या मनातलं आमचं आम्ही पाहू. दोन्ही गोष्टी त्यांनी एकमेकींत मिसळल्या नाहीत. बाहेर पडताना त्यांनी त्या तरुणांच्या कुटुंबीयांशी हस्तांदोलन केलं.

अर्जावर निर्णय लागायला आणखी एक वर्ष गेलं. २८ जुलै १९९८ ला चौघांना माफी मिळाली आणि १८ वर्षांची शिक्षा बरीच बाकी असताना ते बाहेर आले.

मग कामाला सुरुवात

इतर बहुतेक कथा सुटकेच्या दिवशी संपतात. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग तिथून पुढे सुरू होतो.

ईझी नोफेमेलाने नंतर सांगितलेली एक आठवण आहे. बील दांपत्याला त्याने पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं तेव्हा त्याला त्यांचा द्वेष वाटला. हे गोरे आता आम्हाला फाशी द्या म्हणणार, अशी त्याची खात्री होती. त्यांनी फाशीचा शब्दही काढला नाही आणि तो गोंधळून गेला. मला ही आठवण फार महत्त्वाची वाटते. मनातलं शत्रूचं चित्र उपदेशाने बदललं नाही. समोरचा त्या चित्राप्रमाणे वागला नाही, म्हणून त्याला पहिला तडा गेला.

नोफेमेला आणि पेनी यांनी गुगुलेथूत तरुणांसाठी एक मंडळ सुरू केलं होतं. एका संशोधकाच्या मध्यस्थीने त्यांनी बील दांपत्याला भेटीचा निरोप पाठवला. दोघे आले. पुढे या दोघांना संस्थेत काम मिळालं. गुगुलेथू आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये शाळा सुटल्यानंतरचे वर्ग, खेळ, संगीत, एक बेकरी, असा संस्थेचा पसारा होता. ज्या रस्त्यावर दगड उचलले, तिथल्याच मुलांसाठी आता काम करायचं होतं.

एकदा भेटून गळ्यात पडणं आणि महिनोन्महिने सोबत काम करणं, यांत फरक आहे. भेटीत दोघंही आपली चांगली बाजू दाखवतात. कामात उशीर होतो, हिशेब चुकतात, कुणाचा तरी मूड बिघडलेला असतो, आणि तरीही उद्या पुन्हा एकमेकांचं तोंड पाहायचं असतं. तिथे विश्वास एकदम ठेवावा लागत नाही, थोडा थोडा ठेवून पाहता येतो. आज एक जबाबदारी दिली, ती पार पडली, उद्या त्याहून मोठी देता आली. शिवाय काम असलं की दोघांची नजर एकमेकांवरून हटून तिसऱ्या गोष्टीकडे वळते. सतत 'तू माझ्या मुलीला मारलंस' आणि 'मी तुमच्या मुलीला मारलं' याच नात्यात उभं राहणं कुणालाच झेपणार नाही. मुलांच्या वर्गाचं वेळापत्रक लावताना ते नातं पुसलं जात नाही, पण काही तासांपुरतं बाजूला सरकतं.

पीटर बील २००२ मध्ये गेले. लिंडा बील यांनी काम चालू ठेवलं. पेनी आणि नोफेमेला त्यांना स्थानिक भाषेतल्या 'आजी' या शब्दाने हाक मारत. लिंडा बील यांनी क्षमेबद्दल बोलताना स्वतःचा विचार स्पष्ट मांडला: द्वेष आणि सूड मनात घेऊन जगल्याने माझं काही भलं होणार नाही, आणि स्वतःला बळी म्हणून पाहिलं तर मीच लहान ठरते. क्षमेचं कारण त्यांनी समोरच्याच्या योग्यतेत शोधलं नाही. आणि नोफेमेलाने त्यांना सांगितलेलं एक वाक्य त्या इतरांनाही सांगत. राजकीय कार्यकर्ता म्हणून घडलेल्याशी समेट करणं वेगळं, मनातून करणं फार वेगळं, असा त्याचा आशय. म्हणजे क्षमा मिळालेल्या माणसाचंही काम संपलेलं नव्हतं.

जे यात बसत नाही

माफी मिळालेल्या चौघांपैकी संस्थेत आले ते दोघेच. बाकी दोघांची आयुष्यं वेगळ्या वाटांनी गेली. कहाणी सांगताना हे गाळलं जातं. समजून घेतलं, क्षमा केली, म्हणून समोरचा माणूस बदलेलच अशी हमी या प्रकरणातही नव्हती. बील यांनी ती हमी मागितलीही नव्हती.

दुसरं म्हणजे बील दांपत्याला काही गोष्टी अनुकूल होत्या. त्यांना परतायला दुसरा देश होता. रोज त्याच गल्लीत त्या तरुणांच्या समोरून जावं लागत नव्हतं. संस्था उभी करण्याइतकी ओळख आणि साधनं होती. आणि आपल्या मुलीचं काय झालं, कुणी केलं, हे त्यांना कळलं होतं.

वर्णभेदविरोधी चळवळीतले कृष्णवर्णीय नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाला हे शेवटचंही मिळालं नाही. बिको १९७७ च्या सप्टेंबरमध्ये पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर गेले. त्यांच्या कुटुंबाने इतर काही पीडित कुटुंबांसोबत माफीच्या तरतुदीलाच घटनात्मक न्यायालयात आव्हान दिलं. आम्हाला न्यायालयात दाद मागण्याचा हक्क आहे, तो राज्याने परस्पर काढून घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं. १९९६ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. नंतर बिको प्रकरणातल्या पोलिसांनी माफीचे अर्ज केले तेव्हाही कुटुंब विरोधात उभं राहिलं. डोक्याची दुखापत झटापटीत झाली, असा पोलिसांचा पवित्रा होता. १९९९ मध्ये त्यांना माफी नाकारली गेली.

या दोन कुटुंबांना एकमेकांशेजारी ठेवून 'बील मोठ्या मनाचे, बिको कठोर' असा निकाल देणं मला अन्यायाचं वाटतं. बील यांच्यासमोर गुन्हा कबूल करणारी मुलं होती. बिको यांच्यासमोर वीस वर्षं तीच कथा सांगत राहिलेलं पोलीस खातं होतं. काय घडलं तेच जिथे खरं सांगितलं जात नाही, तिथे पीडिताने क्षमा करावी असा आग्रह धरणं म्हणजे त्याच्याकडून आणखी एक वसुली करणं आहे. आणि क्षमा न करणाऱ्या माणसाने समजून घेण्यात काही कसूर केलेली असते असंही नाही. बिको कुटुंबाला घडलेलं नीट समजलं होतं, म्हणूनच ते अडून राहिले.

हे प्रकरण कुणी समुपदेशनात, संस्थेच्या प्रशिक्षणात किंवा घरातल्या वादात उदाहरण म्हणून वापरणार असेल, तर माझी एक विनंती. ॲमीच्या आईवडिलांची गोष्ट दुखावलेल्या माणसाला ऐकवू नका, 'बघ, त्यांनी केलं, तूही कर' अशा सुरात तर मुळीच नाही. ज्याच्या हातून घडलं त्याला ही गोष्ट सांगा, पेनी आणि नोफेमेला यांच्या बाजूने. त्यांनी जाहीरपणे काय केलं ते सांगितलं. पेनीने क्षमा मागितली, तीही मिळेल याची खात्री नसताना. आणि सुटल्यावर त्यांनी पहिलं पाऊल स्वतः उचललं, निरोप पाठवला.

दुखावलेल्या माणसाला काही द्यायचंच असेल, तर वेळ द्या. खून ते सुनावणी, यांत जवळपास चार वर्षं गेली. सुनावणी ते निर्णय, आणखी एक वर्ष. त्यानंतर कुठे भेट, आणि भेटीनंतर काम. या सगळ्या काळात कायद्याने बील यांच्यावर क्षमा करण्याची सक्ती केली नव्हती.